काजळ धरलेली काच

दोन-तीन दिवसांपासून पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं आणि दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. म्हणजे आश्विन आला. पाऊस गेला, आणि जाताना सगळं स्वच्छ पुसून गेला. पश्चिमेचे डोंगर चार महिने ढगांत होते, ते आता इतके जवळ दिसतात की त्यांच्या अंगावरची पिवळी सोनकी इथून ओळखू येते. बाजरीची कणसं खुडून झाली आहेत. शेजारच्या खळ्यावर मळणीयंत्र सुरू आहे आणि त्याची बारीक धूळ माझ्या वहीच्या पानावर येऊन बसते. मी ती फुंकते आणि पुढची ओळ लिहिते.

ही वही निहार आणि मीरासाठी. तुम्ही दोघं जिथे राहता तिथे या महिन्यात झाडांची पानं गळतात म्हणे. आमच्याकडे डिंगोऱ्याला याच महिन्यात उजेड बदलतो. एरवी त्याकडे माझं लक्ष गेलं असतंच असं नाही, पण गेल्या रविवारी निहारचा ईमेल आला. त्याने पुठ्ठ्याचं छोटंसं रेल्वे स्टेशन बनवलं आहे, तिकिटाची खिडकी आणि बाकडी यांसकट. ते गॅलरीच्या कठड्यावर ठेवून त्याने फोटो काढला. स्टेशन सुरेख झालंय, पण फोटोत छपराखाली नुसता काळोख, आणि वरचं आभाळ कोऱ्या कागदासारखं. खाली त्याने विचारलंय, आजी, मला तर दोन्ही नीट दिसत होतं, मग कॅमेऱ्याला का नाही दिसलं?

उत्तर चार ओळींत देता येईल. पण हाच प्रश्न मला एकदा पडला होता, आणि तेव्हा त्याच्यावर तुमच्या आईचं पुष्कळ काही अवलंबून होतं. म्हणून चार ओळींऐवजी वही काढली.

आधी चार ओळींचं उत्तर. आपला डोळा सगळं एकदम बघत नाही. आभाळाकडे वळला की तो बारीक होतो, छपराखाली शिरला की मोठा होतो, आणि मन हे सगळे तुकडे जोडून आपल्याला एक चित्र दाखवतं. फिल्मला ही सवलत नसते. तिने एकाच क्षणात, एकाच उघडझापीत सगळं घ्यायचं. तिला आभाळ नीट घ्यायला सांगितलं तर खालचं काळं पडतं, खालचं घ्यायला सांगितलं तर आभाळ जळतं. आणि जळलेलं आभाळ पुन्हा आणता येत नाही. निहार, तुझ्या संगणकावर फोटो नंतर दुरुस्त करता येतो असं तू म्हणालास. येत असेल. आमच्याकडे तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल होता, आणि तो धुवायला पुण्याला जायचा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तुमची आई, म्हणजे आमची शुभा, पुण्याला वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाला होती. श्रावणात तिला कावीळ झाली. तुमचे आजोबा तिला घरी घेऊन आले तेव्हा तिचे डोळे हळदीने माखल्यासारखे झाले होते. डॉक्टरांनी दोन महिने प्रवास बंद केला. इकडे कॉलेजात तिचं त्या सत्राचं काम अर्धं राहिलेलं. तिच्या सरांनी कळवलं की नकाशे आणि मॉडेलचे चांगले फोटो दसऱ्यानंतर दोन दिवसांच्या आत पोचले तर ती घरी बसून काम पूर्ण करू शकते. नाही पोचले तर वर्ष पुन्हा करायचं.

वर्ष पुन्हा करायचं, असं सरांनी लिहिलं होतं. आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होता. आणे गावाहून एक स्थळ आलेलं होतं. घर चांगलं, पठारावर जमीन, मुलगा नोकरीला. त्यांना तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त हवा होता. आजोबा मनाने हो आणि नाहीच्या मध्ये होते. ते एवढंच म्हणाले होते की वर्ष वाचलं तर शिकू दे, गेलं तर मग बघू. आणि "मग बघू" म्हणजे काय ते मला कळत होतं, शुभाला कळत होतं आणि सगळ्यात जास्त माझ्या सासूबाईंना कळत होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, आमच्याकडे तशीच रीत. त्या मला सूनबाई म्हणत, आणि चिडल्या की मास्तरीणबाई. मी जुन्नरला शाळेत इंग्रजी शिकवायची. सकाळची शाळा, दीडच्या एसटीने परत. आत्याबाईंना माझ्या नोकरीचं वावडं नव्हतं, पण पोरीला पुण्यात ठेवायचं त्यांना कधीच पटलं नव्हतं. कावीळ झाल्यावर तर त्यांना पुरावाच मिळाला. शुभाला उसाचा रस देताना त्या म्हणायच्या, "खानावळीचं खाऊन रंग बदलला पोरीचा. घरात ऱ्हायली असती तर लगीन व्हऊन आतापोतर दोन पोरं खेळली असती." शुभा हसायची आणि रस संपवायची. आजी-नातीचं तसं फार मेतकूट होतं. भांडण फक्त या एकाच गोष्टीवर.

मॉडेल होतं एका वसतिगृहाचं, आहुप्याच्या डोंगरातल्या मुलांसाठी. कॉलेजबरोबर ती आदल्या वर्षी तिकडे राहून आली होती. पावसाळ्यात ओढ्यांमुळे मुलांची शाळा बुडते हे बघून आली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घर शिजत होतं. आमच्या माजघरातल्या पलंगावर तिने दाराएवढी फळी मांडली. तिच्यावर लगदा आणि माती थापून डोंगरउतार केला. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या खोल्या, त्यांना पुठ्ठ्याच्या भिंती, बारीक पन्हळीची छपरं, आणि मधोमध एक चौक. खऱ्या पन्नास फुटांना इथे एक फूट. महिनाभर घरात डिंकाचा वास होता. ती तासभर बसायची, तासभर आडवी व्हायची. आडवी असतानाही फळीच्या पातळीला डोळा लावून चौकात बघत राहायची.

ते मॉडेल टेम्पोत घालून पाठवणं शक्यच नव्हतं. वाटेतच डोंगर उतारावरून घरंगळला असता. म्हणून फोटो. आणि सरांची अट होती की फोटो उघड्यावर, खऱ्या उन्हात काढा. सगळी कल्पनाच उजेडाची होती. मुलं दुपारी चारला शाळेतून परत येतात तेव्हा चौकात ऊन कुठून येतं, ओसरीत किती पोचतं, हेच तर दाखवायचं होतं.

कॅमेरा माझ्या भावाचा. त्याने नवा घेतल्यावर जुना मला दिला होता, आणि त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका. ती मी परीक्षेला बसल्यासारखी वाचली होती, समासात टिपणं काढून. शब्द सगळे कळत होते. पहिल्या रोलने दाखवून दिलं की उजेड कळत नव्हता.

आम्ही फळी खळ्याच्या कडेला दोन रिकाम्या पिंपांवर ठेवली होती. कॅमेरा इतका खाली की मॉडेलच्या मागे खरेच डोंगर आणि खरंच आभाळ यावं. चारचं ऊन समोरून, जरा डावीकडून. डोळ्याला ते दृश्य असं दिसत होतं की शुभा म्हणाली, आई, आत्ता आतून एखादं पोर बाहेर येईल. आठ दिवसांनी पुण्याहून फोटो आले. आभाळ पांढरं, डोंगर गायब, आणि वसतिगृह म्हणजे कोळशाचा ढीग. काही फोटोंत मी खालचा उजेड धरला होता. त्यांत चौक बरा दिसत होता, पण छपरांच्या कडा आभाळाने खाऊन टाकल्या होत्या.

जुन्नरच्या स्टँडजवळ विलासभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टपासून लग्नापर्यंत सगळं तेच काढायचे, आणि आमचे रोल त्यांच्याच पाकिटातून पुण्याला जायचे. त्यांनी फोटो पत्त्यांसारखे पिसून पाहिले. म्हणाले, "मॅडम, आभाळ पांढरंच येनार. आमच्या लग्नाच्या फोटूत कुनी आभाळ बगतं का? नवरी दिसली का झालं." मी पुस्तिकेतलं एक पान त्यांना दाखवलं. त्यात एका काचेचं चित्र होतं, वर करडी आणि खाली उतरत उतरत साफ होणारी. ती भिंगासमोर धरली की करडा भाग आभाळाचा उजेड अडवतो आणि खालचा उजेड सगळा आत येऊ देतो. विलासभाऊंनी त्या काचेबद्दल ऐकलं होतं, ती पाहिली नव्हती. पुण्याहून मागवू म्हणाले, पण पंधरा दिवस धरा. पंधरा दिवस आमच्याकडे नव्हते. रोल जाऊन यायला लागणारे दिवस वजा केले तर नवरात्राच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच काय ते एकदा काढता येणार होतं.

मी कॅलेंडरवर खुणा केल्या. खुणा केल्या की मला बरं वाटतं, त्या वेळी वाटलं नाही.

त्या संध्याकाळी दिवे गेले. ते रोजच जायचे. मी कंदील लावून ओट्यावर ठेवला, आणि सहज त्याच्या काचेतून पलीकडे नजर गेली. काचेच्या वरच्या भागावर काजळी धरली होती. वर दाट, खाली विरळ, आणि बुडाशी अगदी स्वच्छ. तिच्यातून मावळतीचं आभाळ तपकिरी आणि शांत दिसत होतं, आणि खालचं खळं जसंच्या तसं. पुस्तिकेतलं चित्र माझ्या हाताशी होतं, आणि रोज संध्याकाळी मी ते फडक्याने पुसून टाकत होते.

दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला तसबिरी करणाऱ्याकडून तळहाताएवढ्या चार काचा कापून आणल्या. घरी येऊन चिमणीच्या ज्योतीवर त्या काळ्या करायला बसले. सोपं नव्हतं. रॉकेलची काजळी चिकट, ठिपक्याठिपक्यांनी धरते. काच जास्त वेळ धरली तर तडकते, आणि बोट लागलं तर सगळं संपलं. दोन तडकल्या. तिसरीवर सहाव्यांदा पुसून केल्यावर बरी छटा आली. मी ती फडताळात, वरच्या फळीवर, भिंतीला टेकवून उभी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चार वाजायची वाट बघत शाळेत गेले.

तो दिवस होता सर्वपित्रीचा. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. घट बसायच्या आधी आमच्याकडे घर काढायची पद्धत, म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून झाडायची, धुवायची, घासायची. मी दीडच्या एसटीने आले तेव्हा अंगणात गोधड्या वाळत होत्या, तांब्यापितळेची भांडी उन्हात झळकत होती. फडताळही रिकामं करून सारवल्यासारखं पुसलेलं होतं. आणि वरच्या फळीवर माझी काच होती. लख्ख. तिच्यातून मागच्या भिंतीचा तडा दिसत होता.

आत्याबाई राखेचे हात धुत होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ती काच लई घान झाली व्हती. चांगली चकचकीत केली बग."

माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं. ते मी आज इथेही लिहिणार नाही. त्याचा मतलब असा होता की तुम्हाला तर हेच हवं होतं. ते वाक्य दातांच्या आत होतं आणि मी मागच्या दाराने विहिरीवर गेले. बादलीमागून बादली काढत राहिले. हंडे भरले, मोठं पातेलं भरलं, शेवटी झेंडूच्या रोपांना पाणी घातलं, त्यांना गरज नव्हती तरी. परत आले तेव्हा ते वाक्य बोलण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता. तुम्हाला वाटेल आजी शहाणी होती. नव्हती. ती फक्त दमली होती.

मी विहिरीवर असताना शुभानेच आजीला सांगून टाकलं होतं, आणि तेही हसत. म्हणाली, आजी, तू माझं आभाळ घासून टाकलंस. मग काच कशासाठी होती, आभाळ का जळतं, दसऱ्यापर्यंत काय पोचायला हवं, सगळं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता घटासाठी माती चाळायला गेल्या. त्यांचं ते गप्प राहणं मला त्या रात्रभर वेगळंच वाटत राहिलं. मनात एकदा शंका आली की समोरच्याचं गप्प बसणंसुद्धा त्या शंकेचा पुरावाच वाटू लागतं.

घट बसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्याबाई ओसरीच्या कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशा जागी बसलेल्या. समोर मातीची पणती. तिच्यात एरंडेल आणि बोटभर बारीक वात. देवापुढच्या नंदादीपाला त्यांनी हात लावला नव्हता, हा दिवा वेगळा. हातात माझी काच, चिमट्यात धरलेली.

"मास्तरीणबाई," त्या मान वर न करता म्हणाल्या, "घासलेटानं काजळ धरतं व्हय कुनी? बाळाच्या डोळ्यात घालायचं काजळ एरंडेलाचंच. बस हितं. आन् फुंकू नगंस."

मी बसले. घरातल्या तीन पिढ्यांच्या मुलांचं काजळ त्या हातांनी धरलेलं होतं, शुभाचंही. मला ते रोजचं काम वाटायचं, त्याला कसब म्हणतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या काच तिरपी धरत, वरची कड ज्योतीच्या टोकाशी आणि खालची लांब. मग पाळणा हलवावा तशी ती मागेपुढे नेत. कुठेही थांबायचं नाही. थांबलं की डाग पडतो. काच तापली की बाजूला घ्यायची, आणि निवली की पुन्हा. काजळी धुरासारखी अलगद बसत गेली. वर गडद, मग करडी, मग नुसता भास, मग काही नाही. कुठे काय संपलं ते सांगता येत नव्हतं. शुभा कॉटवरून उठून आली आणि दारात उभी राहून बघत होती. तिने मधेच विचारलं, आजी, किती गडद करायचं ते तुला कसं कळतं? आत्याबाई म्हणाल्या, "कळत न्हाई. हाताला वाटतं."

मग मी माझं शिक्षण वापरलं. कडांना काड्यापेटीच्या काड्या ठेवून वर चौथी, साफ काच बसवली, म्हणजे काजळीला बोट लागणार नाही, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. आत्याबाईंनी ती हातात घेऊन पाहिली. म्हणाल्या, "आता ही कुनी घासली तरी चालंल." हे माझ्यासाठी होतं की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी, चार वाजता, खळ्यावर. पिंपांवर फळी. स्टुलावर एकावर एक तीन पाट रचून त्यांवर कॅमेरा. शुभा खुर्चीत, अंगावर शाल, हातात होकायंत्र. मी वहीत लिहीत होते: आभाळाकडे बघून कॅमेऱ्याचा काटा काय दाखवतो, चौकाकडे बघून काय दाखवतो. दोघांत काट्याच्या तीन घरांचा फरक होता, दर घराला उजेड दुप्पट, म्हणजे आभाळ आठपट उजळ. काच धरल्यावर फरक एका घरावर आला. एवढं फिल्मला पेलतं, असं पुस्तिका म्हणत होती.

काच धरायला आत्याबाई. माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते आणि शुभाला अजून उकिडवं बसवत नव्हतं. त्या भिंगाच्या बाजूला उकिडव्या बसल्या, नऊवारीचा पदर खोचून, आणि म्हणाल्या, "हाल्लं तर मला बोलायचं न्हाई. मी काय फोटूवाली न्हाई."

तरी चूक व्हायचीच होती, माझ्या हातून. मी काच सरळ धरायला सांगितली, आडव्या रेषेत, कारण मला सगळं सरळ आवडतं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर ठीक दिसत होतं. पण जवळच्या छोट्या वस्तूचा फोटो असला की भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, नाहीतर पुढचं स्पष्ट आणि मागचं पुसट येतं. आणि छिद्र बारीक केलं की काजळीची हद्द जास्त ठळक होते. मी छिद्र बारीक करून पुन्हा पाहिलं, तर वरच्या दोन खोल्यांच्या छपरांवर सावली चढली होती. पूर येऊन गेल्यावर भिंतीवर रेघ राहते ना, तशी, फक्त उलटी. मी काच वर घ्यायला सांगितली तर आभाळाचा खालचा पट्टा उघडा पडला. काच खाली घेतली तर छपरं बुडाली. पाच मिनिटं अशीच गेली, आणि ऊन थांबत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "मी बगू का जरा?"

मी बाजूला झाले. त्यांनी एक डोळा हाताने झाकून दुसरा कॅमेऱ्याला लावला, आणि बराच वेळ काढला नाही. मला घाई झाली होती. पण त्या आभाळ बघत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "शुभे, पोरं झोपनार कुटं?" शुभाने सांगितलं, वरच्या खोल्यांत. "आन् चूल?" चूल खाली, धूर खोल्यांत जाऊ नये म्हणून. आत्याबाईंचं माहेर घोड नदीच्या खोऱ्यात, आहुप्याच्या वाटेवरचं. तिकडचा पाऊस त्यांना अंगाने माहीत होता. म्हणाल्या, "तिकडं पानी आडवं येतं. ही वसरी भिजून चिखल व्हईल." शुभा म्हणाली, नाही होणार, पश्चिमेची भिंत म्हणूनच बंद ठेवलीय, ओसरी दक्षिणेला उघडते. आत्याबाईंनी पुन्हा डोळा लावला, भिंत शोधली, सापडली. आणि मग म्हणाल्या, "बरूबर हाय."

इतके दिवस ते मॉडेल पलंगावर होतं, त्या त्याच्याशेजारून दिवसातून वीस वेळा जात होत्या. पण वरून बघितलं की तो पुठ्ठा दिसतो. त्या छोट्या खिडकीतून, जमिनीच्या पातळीवरून, त्यांना पहिल्यांदा घर दिसलं.

मग त्यांनी न सांगता काच तिरकी केली. "डोंगर तिरका हाय, तर काच सरळ कशाला?" त्यांनी विचारलं. छपरांचा उतार ज्या कलाने खाली येत होता, त्याच कलाने काजळीची हद्द आली. छपरं मोकळी झाली. मागे आभाळ आपल्या जागी होतं, फिकट निळं, आणि त्याखाली डोंगरांच्या दोन रांगा. मी बटण दाबलं. वहीत लिहिलं: काच तिरकी, डावी बाजू वर. मग पुन्हा दाबलं. छत्तीसच्या छत्तीस फोटो आम्ही सावल्या लांब होईपर्यंत काढले, आणि उठताना आत्याबाईंचे गुडघे वाजले.

रोल दुसऱ्या दिवशी विलासभाऊंच्या पाकिटातून गेला. पुढचे चार दिवस मला नीट आठवत नाहीत. घटातलं धान्य उगवलं, पिवळं-पोपटी, बोटभर. मी वह्या तपासल्या आणि एका मुलीच्या बरोबर उत्तरावर काट मारली. शुभा नकाशे शाईने पक्के करत होती, आणि तिचे डोळे पांढरे होत चालले होते. आजोबा रोज संध्याकाळी एवढंच विचारायचे, आले का? अष्टमीला मी शाळेतून सुटून स्टँडवर गेले तेव्हा विलासभाऊ दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते कधी पायरीवर उभे राहत नसत. पाकीट माझ्या हातात देताना म्हणाले, "मॅडम, मी बगितलेत. माफ करा, ऱ्हावलं न्हाई." आणि मग, जरा रागावल्यासारखे, "मला सांगितलं न्हाई तुमी, काच कुटनं मागवली?"

मी तिथेच, पायरीवर बसून पाहिले. चौकात ऊन उतरलं होतं आणि ओसरीच्या तिसऱ्या फरशीपर्यंत पोचलं होतं, शुभा सांगायची अगदी तसं. छपरांच्या कडा सुरेख. वर आभाळ, आणि ते आभाळच होतं. मला रडू आलं नाही. मला एकदम भूक लागली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं, आणि मी स्टँडवर उभ्याउभ्या दोन केळी खाल्ली, जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

तुम्हाला निकाल माहीतच आहे, कारण तुमची आई काय काम करते ते तुम्हाला माहीत आहे. आजोबा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने स्वतः गेले, पाकीट सदऱ्याच्या आत ठेवून, आणि सरांच्या हातात देऊन आले. वर्ष वाचलं. पण माझ्या मनात ते वाचलं त्याच्या आदल्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी.

त्या संध्याकाळी आण्याचे पाहुणे सोनं द्यायला आले, मुलाचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत. आपट्याची पानं दिली-घेतली, आजोबांना मिठी मारली आणि बसले. चहा झाला. ते कशाची वाट बघत होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा पिकांवर बोलत राहिले. टेबलावर फोटोंच्या जास्तीच्या प्रती पडल्या होत्या. तात्यांनी सहज एक उचलला, चष्मा लावला, लांब धरला.

"झ्याक इमारत हाय राव. कुटं झाली ही? कंत्राटदार कोन?"

आजोबा सांगायला लागले होते. आत्याबाई माजघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या, तिथून त्या म्हणाल्या, "आमच्या शुभीनं बांधलीया."

तात्या हसले. "कदी?"

"आजून बांधतीय. दोन वर्सं तरी लागतील. तवर तिचं लगीन न्हाई व्हायचं पावणं. तुमचं पोरगं थांबत असलं तर थांबू द्या, न्हाईतर दुसरीकडं बगा. राग मानू नका."

आजोबांनी आपल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तात्यांनी फोटो उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलेलं नव्हतं. मग तो नीट टेबलावर ठेवला. म्हणाले, "दोन वर्सं लई व्हत्यात."

"व्हत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

तात्या भले गृहस्थ. चहा संपवला, शुभाला बोलावून तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, लवकर बरी व्हय म्हणाले, आणि आजोबा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. शुभा आतल्या खोलीत गेली. तिथून नकाशे गुंडाळायचा आवाज येऊ लागला.

मी कपबश्या उचलत होते. आत्याबाई अजून उंबऱ्यातच होत्या, पदराने बोटं पुसत. बोटांच्या टोकांना काजळ अजून थोडं राहिलं होतं, नखांच्या कडांना. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सूनबाई, त्या दिशी ती काच घान म्हनूनच घासली म्या. दुसरं काय न्हवतं मनात."

मी त्यांना काही विचारलं नव्हतं, पण माझी शंका त्यांनी त्याच दिवशी ओळखली होती. विहिरीवरच्या त्या सगळ्या बादल्या मी एकटीनेच काढल्या असं मी समजत होते.

"मला ठाऊक आहे, आत्याबाई," मी म्हणाले. आणि तोपर्यंत ते खरंही झालं होतं.